‘रिकामा वेळ’ या विषयात मास्टर्स? लीजर आणि रिक्रिएशन स्टडीज म्हणजे नेमकं काय, कुठे शिकतात आणि पुढे काय होतं?

समजा, घरी पाहुणे आलेत. चहाचा कप हातात घेत काका विचारतात, “काय मग, पुढे कशात मास्टर्स करणार?”

तुम्ही सांगता, “लीजर स्टडीजमध्ये.”

“लेझर? म्हणजे ते मिरवणुकीतले लाइट?”

“नाही काका, लीजर. म्हणजे फावला वेळ.”

यानंतर खोलीत जी शांतता पसरते, ती कशी असते हे सांगायला नको. आईचा चेहरा पडतो आणि कुणीतरी म्हणतंच, “टाइमपास करायला परदेशात कशाला जायचं? तो इथेही होतोच की.”

गंमत बाजूला ठेवू. जगातल्या काही नामांकित विद्यापीठांत या विषयात एमए, एमएस आणि पीएचडी करता येते. या विषयाची स्वतंत्र संशोधन नियतकालिकं गेली पन्नासहून अधिक वर्षं निघतायत. पण मराठीत याबद्दल फारशी माहिती मिळत नाही आणि एजंटांच्या जाहिरातींत मिळते ती अर्धवट असते. त्यामुळे हा विषय काय आहे, तो कुणासाठी आहे आणि पैसे भरण्याआधी काय तपासायचं, हे एकेक करून पाहू.

लीजर आणि रिक्रिएशन, दोन्ही एकच का?

नाही. आपल्याच शब्दांत सांगायचं तर लीजर म्हणजे ‘सवड’ आणि रिक्रिएशन म्हणजे ‘विरंगुळा’.

सवड ही वेळेची आणि मोकळीकीची गोष्ट आहे. नोकरी, घरकाम, झोप, जेवण, प्रवास हे सगळं वजा केल्यावर जो वेळ खरोखर तुमच्या मर्जीचा उरतो, ती सवड. त्या वेळात मन ताजं करायला तुम्ही जे करता, तो विरंगुळा. मग ते क्रिकेट असेल, ट्रेक असेल, भजनी मंडळ असेल किंवा कट्ट्यावरच्या गप्पा.

सवड कुणाला मिळते, किती मिळते आणि का मिळत नाही, हे लीजर स्टडीजमध्ये अभ्यासतात. लोकांना चांगला विरंगुळा मिळावा म्हणून बागा, मैदानं, जंगलवाटा, कार्यक्रम आणि उपचार कसे आखायचे आणि चालवायचे, हा रिक्रिएशनचा भाग. बहुतेक विद्यापीठांत हे दोन्ही एकाच विभागात शिकवतात.

हा विषय आला कुठून?

या विषयाची पुस्तकी सुरुवात सांगताना थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाचं नाव घेतात. श्रीमंत वर्ग आपल्या रिकाम्या वेळाचं प्रदर्शन कसं करतो, यावर त्याचं पुस्तक १८९९ मध्ये आलं. १९०६ मध्ये अमेरिकेत प्लेग्राउंड असोसिएशन स्थापन झाली. शहरातल्या मुलांना खेळायला रस्त्याशिवाय जागा नव्हती, म्हणून सार्वजनिक मैदानांची मागणी करणारी ही चळवळ होती. मैदानं झाली, तशी ती चालवणारी प्रशिक्षित माणसं लागली आणि त्यातून विद्यापीठांत अभ्यासक्रम उभे राहिले.

पण सवडीसाठीची एक लढाई त्याआधी मुंबईत लढली गेली होती. गिरण्यांतल्या कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना संघटित करून रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज आपण ‘संडे मूड’ची रील टाकतो, त्या संडेमागे हा संघर्ष आहे.

पुढे हा हक्क जगाने कागदावर मान्य केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम २४ विश्रांतीचा आणि सवडीचा हक्क देतं. १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम ३१ मुलांच्या विश्रांतीबद्दल आणि खेळाबद्दल आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.

म्हणजे ज्याला आपण टाइमपास म्हणतो, तो कागदोपत्री तरी हक्क आहे. तो प्रत्यक्षात कुणाला मिळतो, हा या विषयातला मोठा प्रश्न आहे.

वर्गात शिकवतात तरी काय?

चार कल्पना बघू. त्यावरून अंदाज येईल.

पहिली, अडथळ्यांची. १९८७ मध्ये ड्युएन क्रॉफर्ड आणि जेफ्री गॉडबी या अभ्यासकांनी फावल्या वेळातल्या अडथळ्यांचे तीन प्रकार मांडले. समजा, चाळिशीतल्या एका बाईला पोहायला शिकायचंय. ‘या वयात कसं दिसेल?’ हा मनातला अडथळा. सोबत यायला कुणी नाही, घरचे नाक मुरडतात, हा नात्यांमधला अडथळा. तलाव लांब आहे, महिलांची बॅच दुपारी आहे आणि फी परवडत नाही, हा व्यवस्थेतला अडथळा. महापालिकेने फक्त फी कमी केली आणि तरी बायका आल्या नाहीत, तर त्याचं कारण पहिल्या दोन प्रकारांत असू शकतं. धोरण आखणाऱ्याला हे आधीच कळायला हवं.

दुसरी, ‘गंभीर विरंगुळ्या’ची. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांच्या मते काही छंद नोकरीइतक्याच निष्ठेने केले जातात. त्यात चिकाटी लागते, कौशल्य वाढत जातं, स्वतःचा एक गोतावळा तयार होतो आणि शेवटी तीच माणसाची ओळख बनते. पुण्यातलं ढोल-ताशा पथक आठवा. गणपतीआधी दीड-दोन महिने ऑफिस सुटल्यावर रोज सराव, हाताला फोड, पैसे शून्य. तरीही ‘मी अमुक पथकात वाजवतो’ हे सांगताना छाती फुगते. हौशी नाटकवाले आणि दर शनिवार-रविवार किल्ल्यावर जाणारेही यातच येतात.

तिसरी, तंद्रीची. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ‘फ्लो’ ही संकल्पना मांडली. समोरचं आव्हान आणि आपलं कौशल्य यांचा मेळ बसला की माणूस वेळेचं भान विसरतो. आव्हान फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर भीती वाटते. मुलांच्या शिबिरापासून व्हिडिओ गेमपर्यंत अनेक गोष्टींची आखणी समजून घेताना ही कल्पना वापरतात.

चौथी, गर्दीची. एखाद्या जंगलात किंवा डोंगरावर किती माणसं सोडायची? अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी १९८५ मध्ये यासाठी एक पद्धत मांडली. ‘किती माणसं?’ एवढंच न विचारता ‘इथे किती बदल झालेला आपल्याला चालेल?’ हे आधी ठरवायचं, मोजत राहायचं आणि ती मर्यादा गाठत आली की उपाय करायचे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाच्या संख्येवर मर्यादा का असते, हा याच जातीचा प्रश्न. पावसाळ्यात एखाद्या किल्ल्याच्या दरवाजात तासन्‌तास अडकलेल्या गर्दीचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच.

याखेरीज सर्वेक्षण, मुलाखती आणि आकडेवारीचं विश्लेषण या संशोधन पद्धती शिकाव्याच लागतात. संख्याशास्त्राची भीती असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

आपल्याकडे याचा काय संबंध?

केंद्र सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ‘टाइम यूज सर्व्हे’ करतं. लोक चोवीस तास कशात घालवतात, याची ती नोंद असते. २०१९ नंतर २०२४ मध्ये हा सर्व्हे झाला. सहा वर्षं आणि त्यावरच्या व्यक्तींमध्ये, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसातले सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं जातात.

आता करमणुकीचा आकडा पाहा. संस्कृती, विरंगुळा, टीव्ही-मोबाइलसारखी माध्यमं आणि खेळ यांत पुरुषांची १७७ आणि बायकांची १६४ मिनिटं जातात. फरक फक्त १३ मिनिटांचा. म्हणजे जवळपास समानता आली का?

लीजरचा विद्यार्थी इथे थांबून पुढचा प्रश्न विचारतो: या मिनिटांत नेमकं काय चाललंय? मेथी निवडत मालिका बघणं ही करमणूक की काम? ‘कुकरची तिसरी शिट्टी झाली की उठायचंय’ असा कान लावून बसलेला वेळ मोकळा म्हणायचा का? मायकेल बिटमन आणि जुडी वाजमन यांनी २००० मध्ये नेमकं हेच मांडलं. बायका आणि पुरुष यांचा फावला वेळ मिनिटांत सारखा दिसला, तरी बायकांचा वेळ तुकड्यांत विभागलेला आणि इतर कामांत मिसळलेला असतो.

मुंबईतही असं काम झालंय. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. बाईला शहरात काही कारण नसताना, नुसतं रेंगाळण्याचा हक्क आहे का, हा त्यातला प्रश्न. रात्री कट्ट्यावर बसलेल्या मुलाला कुणी ‘इथे काय करतोस?’ विचारत नाही. मुलीला मात्र फोनवर बोलण्याचं किंवा कुणाची तरी वाट पाहण्याचं निमित्त लागतं. या तिघींपैकी कुणाकडेही ‘लीजर’ची डिग्री असण्याची गरज नव्हती, हेही ध्यानात ठेवा. त्याकडे पुढे येऊच.

कुठे शिकता येतं?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं वॉटरलू विद्यापीठ हे या विषयातलं ठळक नाव. इथे ‘रिक्रिएशन अँड लीजर स्टडीज’ असा स्वतंत्र विभाग १९६८ पासून आहे आणि तो आरोग्य विद्याशाखेत येतो. एमए आणि पीएचडी दोन्ही होतात. याच विद्याशाखेत ‘कॅनेडियन इंडेक्स ऑफ वेलबीइंग’चं काम चालतं. देशाची प्रगती फक्त जीडीपीवर न मोजता आठ गोष्टींवर मोजायचा हा प्रयत्न आहे. त्या आठांत शिक्षण, आरोग्य, राहणीमान यांच्या जोडीला ‘विरंगुळा आणि संस्कृती’ आणि ‘वेळेचा वापर’ यांनाही स्वतंत्र जागा आहे.

अमेरिकेत पेन स्टेट, क्लेम्सन, नॉर्थ कॅरोलिना स्टेट आणि इलिनॉय (अर्बाना-शॅम्पेन) ही विद्यापीठं या क्षेत्रात ओळखली जातात. युरोपात नेदरलँड्समधली वागेनिंगेन आणि ब्रेडा ही दोन नावं.

आता एक महत्त्वाची टीप. फक्त ‘लीजर’ हा शब्द टाकून कोर्स शोधलात, तर निम्मे कोर्स सापडणारच नाहीत. गेल्या काही दशकांत अनेक विभागांनी नाव बदललंय. इलिनॉयचा ‘लीजर स्टडीज’ विभाग पुढे ‘रिक्रिएशन, स्पोर्ट अँड टुरिझम’ झाला. वागेनिंगेनच्या मास्टर्सच्या नावात आधी ‘लीजर’ होतं, आता ‘टुरिझम, सोसायटी अँड एन्व्हायर्न्मेंट’ आहे. क्लेम्सनच्या विभागाचं नाव ‘पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम मॅनेजमेंट’. त्यामुळे हे सगळे शब्द वापरून शोधा आणि नावापेक्षा विषयांची यादी वाचा. काही ठिकाणी नाव एक आणि शिकवणं प्रामुख्याने पर्यटन व्यवस्थापनाचं, असंही असतं.

थेरप्युटिक रिक्रिएशन हा प्रकार काय?

या क्षेत्रातली ही सगळ्यात स्पष्ट नोकरी देणारी शाखा. पक्षाघातातून सावरणारा रुग्ण, डिमेन्शिया असलेले आजोबा, ऑटिझम असलेलं मूल, युद्धात जखमी झालेला सैनिक यांच्यासाठी खेळ, संगीत, बागकाम, पोहणं अशा गोष्टी उपचाराचं उद्दिष्ट ठरवून वापरतात. हात हलत नाही म्हणून घरी खचून बसलेल्या माणसाला पुन्हा कॅरम खेळता येणं, हे त्याच्यासाठी औषधाइतकंच मोलाचं असू शकतं.

अमेरिकेत यासाठी ‘सीटीआरएस’ हे प्रमाणपत्र आहे. त्यासाठी ठरावीक विषयांसह पदवी, किमान ५६० तासांची देखरेखीखालची इंटर्नशिप आणि परीक्षा, हा नेहमीचा मार्ग. इथे एक गफलत होते. लीजर स्टडीजच्या प्रत्येक मास्टर्समधून हा मार्ग उघडत नाही. थेरपिस्टच व्हायचं असेल, तर त्या कोर्समधले विषय या परीक्षेला चालतात का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

भारतात २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या यादीत रिक्रिएशनल थेरपिस्टचा उल्लेख आहे. पण हॉस्पिटलच्या जाहिरातीत ही जागा सहसा दिसत नाही. इथे हे काम बरंचसं ऑक्युपेशनल थेरपिस्ट, समाजसेवक किंवा समुपदेशक करतात. भारतातच राहून हे काम करायचं असेल, तर आधी ऑक्युपेशनल थेरपीची पदवी हा जास्त भक्कम रस्ता आहे.

भारतात राहून शिकता येईल का?

‘लीजर स्टडीज’ नावाची स्वतंत्र डिग्री आपल्याकडे रुळलेली नाही. पण विषयापर्यंत पोहोचणाऱ्या वाटा आहेत. समाजशास्त्रात एमए करून प्रबंधासाठी सवडीचा विषय घेता येतो. जयपूरचे दिवंगत समाजशास्त्रज्ञ ईश्वर मोदी यांनी सवडीचं समाजशास्त्र या विषयात आंतरराष्ट्रीय पातळीवर काम केलं होतं. बागा आणि मैदानांत रस असेल तर नगररचना, खेळात असेल तर शारीरिक शिक्षणाची एमपीएड, आणि प्रवासात असेल तर ग्वाल्हेरच्या भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेसारखी जागा.

परत आल्यावर नोकरी काय?

खरं सांगायचं तर भारतात ‘लीजर मॅनेजर हवा’ अशा जाहिराती शोधत बसू नका. काम मात्र आहे, फक्त ते वेगळ्या नावांनी आहे:

- ज्येष्ठांसाठीची निवासी संकुलं आणि डे-केअर केंद्रं
- पर्यटन आणि इको-टुरिझमचं नियोजन
- क्रीडा संस्था, साहसी खेळ, शिबिरं आणि इव्हेंट
- संग्रहालयं आणि सांस्कृतिक केंद्रं
- शहरांतल्या मोकळ्या जागांवर काम करणाऱ्या संस्था आणि सल्लागार कंपन्या
- अध्यापन आणि संशोधन

आपल्या शहरांत ज्येष्ठांसाठी ‘विरंगुळा केंद्रं’ असतात, ती आठवा. बऱ्याच ठिकाणी चार खुर्च्या, एक कॅरम आणि वर्तमानपत्रं असतात. येतात ते बहुतेक आजोबा. आज्या का येत नाहीत? स्वच्छतागृह नाही म्हणून, नातवंडं सांभाळायची असतात म्हणून, की ती जागा आपली वाटत नाही म्हणून? हे शोधून केंद्राचं वेळापत्रक आणि रचना बदलणं, हे या विषयातलं अगदी खरं काम आहे. त्यासाठी पगार देणारं पद आज बहुतेक ठिकाणी नाही, हेही तितकंच खरं.

पैसे भरण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

१. मला नेमका कोणता प्रश्न सोडवायचाय? ‘मला फिरायला आवडतं’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘मुलींच्या शाळेतलं मैदान आठवीनंतर ओस का पडतं?’ हे उत्तर चालेल. अर्जासोबतच्या निवेदनातही हेच लिहायचं असतं.

२. कोर्स प्रबंधाचा की फक्त वर्गातला? पुढे पीएचडी करायची असेल तर प्रबंध असलेला कोर्स सोयीचा. थेट नोकरी हवी असेल तर इंटर्नशिप असलेला बघा.

३. माझ्या विषयावर काम करणारे प्राध्यापक तिथे आहेत का? संशोधनाच्या मास्टर्ससाठी हे फार महत्त्वाचं. त्यांचे दोन-तीन लेख वाचा आणि मग छोटा, मुद्देसूद ईमेल पाठवा.

४. असिस्टंटशिप मिळेल का? अमेरिका आणि कॅनडात शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळू शकतं आणि अमेरिकेत अनेकदा फीही माफ होते. पण ती मिळेलच असं धरून कर्ज काढू नका. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळे विद्यापीठ निवडण्याआधीच ती तपासा.

५. कोर्सचा कोड काय? हा प्रश्न अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी, आणि बहुतेक जण हाच विचारत नाहीत. तिथे प्रत्येक कोर्सला एक ‘सीआयपी’ कोड असतो. शिक्षणानंतर साधारण १२ महिने काम करायची परवानगी मिळते. कोड विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ‘स्टेम’ यादीत असेल तरच आणखी २४ महिने वाढवून मिळू शकतात. एक वर्ष आणि तीन वर्षं यांतला फरक कर्जाच्या हप्त्यांत कळतो. व्हिसाचे नियम सतत बदलतात, त्यामुळे एजंटच्या शब्दावर न जाता विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला ईमेल करून उत्तर घ्या.

६. हेच काम दुसऱ्या डिग्रीने होईल का? ‘व्हाय लॉयटर?’चं उदाहरण इथे पुन्हा आठवा. समाजशास्त्र, नगररचना, सार्वजनिक आरोग्य या डिग्र्या भारतात जास्त ओळखीच्या आहेत आणि सवडीचा प्रश्न त्यांच्यातूनही हाताळता येतो.

मग करावं की नाही?

तुमच्याकडे प्रश्न तयार असेल, संशोधनाची आवड असेल आणि विद्यावेतन किंवा शिष्यवृत्ती मिळत असेल, तर हा विषय जरूर घ्या. आपल्याकडे या प्रश्नांवर काम करणारी माणसं मोजकी आहेत, त्यामुळे करण्यासारखं खूप काही आहे. थेरप्युटिक रिक्रिएशनमध्ये परदेशात राहून काम करायचं असेल, तर रस्ता बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

पण ‘सोपा कोर्स आहे, व्हिसा मिळेल, पुढचं पुढे बघू’ असं कुणी सांगत असेल आणि त्यासाठी घर गहाण पडणार असेल, तर थांबा. तो सौदा या विषयावर आणि तुमच्या घरच्यांवर, दोघांवरही अन्याय करणारा आहे.

आणि पाहुण्या काकांनी पुन्हा विचारलंच, तर त्यांना विषय समजावत बसू नका. एवढंच विचारा, “काका, काकूंना शेवटची सुट्टी कधी मिळाली होती?”

खोलीत पुन्हा शांतता पसरेल. स्वयंपाकघरात पोहे परतत असलेल्या काकू मात्र उत्तर ऐकायला कान देऊन उभ्या असतील.